शेवटची दोन वाक्यं

"सर आहेत ना?" संपादकांनी धापा टाकत विचारलं. जिना पूर्वीपेक्षा उंच झाला होता की वय, कोण जाणे.

दार उघडणाऱ्या काकू बाजूला झाल्या. सरांची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलेली होती आणि तिच्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग होता.

"तुला कुणी सांगितलं नाही वाटतं," काकू म्हणाल्या. "ह्यांना जाऊन वर्ष होत आलं. पेपरात द्यायचं नाही, कुणाला कळवायचं नाही, अशी ताकीदच देऊन गेले. जाताना तरी लोकांना त्रास नको म्हणे. जन्मभर दिला तेवढा पुरे."

संपादकांचा हात खिशाकडे गेला. "पण काकू, तीनच महिन्यांपूर्वी सरांचा अभिप्राय आला मला!"

संपादकांचं नियतकालिक गोड्या पाण्यातल्या शेवाळांवरचं. या विषयातले जाणकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे लेख पाठवणाऱ्यानेच परीक्षक म्हणून एखाद्याचं नाव आणि ईमेलचा पत्ता सुचवायचा, अशी तिथली पद्धत. एका अनोळखी प्राध्यापिकेच्या लेखासाठी सरांचं नाव आलं तेव्हा संपादकांना कोण आनंद झाला! पत्ता खरा की खोटा, हे पाहायचं त्यांच्या मनातही आलं नाही. दुसऱ्या कुणाला त्यांनी लेख दाखवलाही नाही. अभिप्राय आला तो अस्सल सरांच्या थाटाचा, लेखाचे पार वाभाडे काढलेला. प्राध्यापिकेने निमूटपणे सगळं दुरुस्त केलं आणि लेख छापून आला. सरांचे आभार मानावेत म्हणून संपादक कित्येक वर्षांनी हा जिना चढले होते.

पाणी घेऊन आलेली सरांची मुलगी दारातच थबकली. संपादक सरांकडे शिकायला यायचे तेव्हा ती शाळेत होती आणि घरीदारी सगळे तिला चिंगी म्हणत. तिचं खरं नाव त्यांनी कधी विचारलंच नव्हतं, सासरचं आडनाव तर दूरच राहिलं.

"दादा, तो लेख माझा आहे," ती म्हणाली. "आणि अभिप्रायही मीच लिहिला."

"वेड लागलंय का तुला?"

"लागलं असेल. बाबांनी वाचल्याशिवाय माझं एक पान कधी बाहेर गेलं नाही. लेख लिहून झाला आणि वाचायला कुणीच नाही. मग मीच त्यांच्या खुर्चीत जाऊन बसले. ते काय म्हणाले असते, तेच लिहीत गेले. दादा, तिसरा तक्ता खरंच चुकला होता. तो मला तिथे बसल्यावर सापडला."

"आणि त्यांच्या नावाचा खोटा पत्ता? तोही खुर्चीतच सापडला?"

चिंगीने पेला टेबलावर ठेवला. "या लेखावर माझी नोकरी कायम व्हायची आहे. नाहीतर पुढच्या सत्रात घरी बसायचं. मला कळत नव्हतं असं नाही. कळत असूनच केलं."

संपादकांना तिचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. लेख चांगला होता, हे त्यांना ठाऊक होतं. त्याने काही फरक पडत नव्हता, हेही ठाऊक होतं.

"लेख मागे घ्यावा लागेल," ते म्हणाले.

"छापलेला लेख मागे कसा येईल?" काकूंनी विचारलं.

"येत नाही, काकू. तो तिथेच राहतो. पानापानावर 'मागे घेतला' असा शिक्का बसतो आणि खाली कारण छापावं लागतं. परीक्षण खोटं होतं, हे छापावं लागेल. मी पत्ता तपासला नाही, तेही."

"ह्यांचं नाव येईल त्यात?"

"न घालता भागलं तर बघतो."

"न घालून काय होणार? शेवाळवाले आहात किती तुम्ही! सगळे ओळखतील."

चिंगी खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. मग काकूंनी खुर्चीवरचे कपडे उचलून बाजूला ठेवले आणि स्वतःच तिच्यात बसल्या.

"तो अभिप्राय आहे का तुझ्याजवळ? वाच बघू. वर्षभर या घरात कुणी कुणावर डाफरलेलं नाही."

कागद संपादकांच्या खिशातच होता. उघडून उघडून घड्या विरल्या होत्या. ते वाचू लागले आणि बघता बघता त्यांच्या आवाजात सरांचा खवचट हेल उतरला. "'तिसरा तक्ता लेखकाने स्वतः तरी वाचला आहे काय? एवढीच घाई असेल तर शेवाळांचा नाद सोडून मुळे लावावेत. ते लवकर येतात.'"

काकू डोळे पुसत हसल्या. "अगदी हेच! स्वयंपाकात घाई केली की मलाही मुळे लावायला सांगायचे."

शेवट आला तसा संपादकांचा आवाज खाली गेला. इथेच थांबून कागद मिटता आला असता. पण हा शेवट त्यांना तोंडपाठ होता. सरांकडून अशी एखादी ओळ मिळावी म्हणून त्यांनी उमेदीची वर्षं घालवली होती आणि आज जिनाही त्यासाठीच चढला होता.

"'लेखकाने घेतलेले कष्ट पाहून मला समाधान वाटले. आणि संपादकमहाशय, हे नियतकालिक तुम्ही एकट्याने तगवून धरलेत, याचा मला अभिमान आहे.'"

काकूंचं हसू ओसरलं. त्यांनी लेकीच्या पाठीकडे पाहिलं, मग संपादकांकडे.

"वरचं सगळं ह्यांचंच आहे," त्या हळूच म्हणाल्या. "ही दोन वाक्यं मात्र ह्यांची नाहीत."