चुकलेल्या नावावर बोट

सही करण्यासाठी मौनीबाबांनी पेनाचे टोपण काढले आणि त्यांना ते पत्र आठवले. येऊन चौदा वर्षे झाली होती. उत्तर गेले नव्हते.

कचेरीत त्यांना मौनीबाबा म्हणत ते त्यांच्या कामामुळे. इस्पितळांतल्या संगणकांच्या पडद्यावर कोणते बटण कुठे असावे, हे ते ठरवत. नवा पडदा तयार झाला की तो वापरणाऱ्यांपैकी एकाला चाचणीच्या खोलीत बोलवायचे, एखादे काम सांगायचे आणि आपण वही घेऊन मागे बसायचे. माणूस अडला तरी मदत करायची नाही. ब्र काढायचा नाही. कुठे अडला, किती वेळ अडला, तेवढे लिहायचे. लाजाळू माणसाला याहून सोयीचे काम कुठले मिळणार? त्यांनी ते तीस वर्षे इमानाने केले.

पत्र लिहिणारी बाई नावनोंदणीच्या खिडकीवर कारकून होती. चाचणीत तिला एका रुग्णाचे चुकलेले नाव दुरुस्त करायला सांगितले होते. दुरुस्तीचे बटण खाली उजव्या कोपऱ्यात होते. तिकडे तिचे लक्षच गेले नाही. ती त्या चुकलेल्या नावावरच बोट ठेवत राहिली. आधी हलके, मग जोराने, मग रुमालाने बोट पुसून पुन्हा. अकरा मिनिटे. शेवटी पर्स उचलून मान खाली घालून निघून गेली.

दोन महिन्यांनी पत्र आले. "तुम्ही माझ्या मागेच बसला होतात. बटण कुठे आहे ते तुम्हाला माहीत होतं. मग सांगितलं का नाहीत? एवढंच विचारायचं आहे. मी साहेबांना सांगून खिडकी सोडली. आता भांडारात चादरींच्या घड्या घालते. तिथे पडदा नाही."

मौनीबाबांनी उत्तराचे बारा खर्डे केले. पहिल्यात चाचणीचा नियम समजावून सांगितला. नियम खरा होता, पण वाचताना त्यांचेच तोंड कडू झाले. बायको म्हणाली, लग्नाआधी मला चार ओळी लिहायला तुम्हाला आठ महिने लागले होते, ही तर परकी बाई, तिला धीर धरायला सांगा. पुढे ते खर्डे एकेक करून वाचनातल्या पुस्तकांत खुणेसाठी गेले.

आता समोर विभागप्रमुख बसली होती. त्यांच्या मुलीच्या वयाची, चटपटीत, त्यांना काका म्हणणारी. तिचे म्हणणे साधे होते. नवे पडदे आता कृत्रिम बुद्धिमत्ताच आखते. ते तपासायला हजार काल्पनिक माणसेही तीच उभी करते: म्हातारी, घाईतली, कमी दिसणारी. पाव तासात निकाल हातात. मग चाचणीची खोली अडवून कशाला ठेवायची? काकांनी कागदावर सही केली की खोली बंद, आणि यापुढे कुणा खऱ्या माणसाला बोलावणे नाही.

"या हजारांत कुणी रुसत नाही, कुणी चहा मागत नाही," ती म्हणाली. "आणि काका, एकही अडलं नाही."

तिने संगणक त्यांच्याकडे वळवला. मौनीबाबांनी नवा पडदा पाहिला. दुरुस्तीचे बटण कुठेच नव्हते. चुकलेल्या नावावर बोट ठेवले की ते नावच दुरुस्तीसाठी उघडत होते. त्यांनी भीत भीत, दोन बोटांनी टाइप करून यंत्राला विचारले, असे का केले? उत्तर लगेच आले. चूक जिथे दिसते, तिथेच माणसे बोट ठेवतात.

मौनीबाबांनी चष्मा काढला. ते काचा पुसत राहिले. प्रमुख मोबाइल पाहू लागली.

"माणसं नाही," ते शेवटी म्हणाले. "एक बाई."

मग त्यांनी अडखळत सगळे सांगितले. चाचणीनंतर तीन दिवसांनी त्यांनी कोपऱ्यातले बटण काढले आणि नावाचेच बटण केले. त्यांची वाहवा झाली. 'अनुभवी नजर' असे कोरलेली ढाल मिळाली, आणि ती त्यांनी निमूटपणे घेतली. पत्र आले तेव्हा ती टेबलावरच होती. ती रीत इतर इस्पितळांनी उचलली, मग सगळ्यांनीच. यंत्र शिकले ते त्याच पडद्यांवरून. त्या हजार माणसांनी बोट कुठे ठेवायचे तेही तिथूनच आलेले. मग ती अडतील कशी?

प्रमुखाने मोबाइल उलटा ठेवला. नव्या पडद्यावर काही वेगळे अडले तर या हजारांना कळेल का, असे तिने विचारले. मौनीबाबा म्हणाले, त्यासाठी ज्याला जमत नाही असे माणूस लागते. तिने सहीचा कागद हळूच परत ओढून घेतला.

"आणि त्या बाईंना काय उत्तर दिलंत?"

"लिहितोय अजून," मौनीबाबा म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत ते डबा न उघडताच चाचणीच्या खोलीत जाऊन बसले. या वेळी खर्डा केला नाही. पत्ता चौदा वर्षांपूर्वीचा होता. बाई अजून तिथे राहते की नाही, तेही ठाऊक नव्हते. तरी त्यांनी पाकीट चिकटवले, कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेले आणि विचार बदलायच्या आत ते आत सोडले. त्यात चारच ओळी होत्या:

"तुम्ही विचारलंत, सांगितलं का नाही. बटण कुठे आहे एवढंच मला माहीत होतं. ते कुठे असायला हवं, हे त्या खोलीत फक्त तुम्हाला माहीत होतं. अकरा मिनिटं तुम्हीच मला सांगत होतात."