आगीची तालीम

कारंजा गावच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाला आग लागली तर बादल्या हातोहात कशा द्यायच्या, याची तालीम शालिग्राम मजुरांकडून करून घ्यायचा. घराचं छप्पर गवती, म्हणून दरवर्षी होळीआधी तालीम घरीही चाले. तो शिडीवर चढून "आग!" ओरडायचा, बायको चतुराबाई विहिरीवरून बादली आणून वर द्यायची. "कायले बोंबलता? लोक हासून राह्यले," ती करवादायची, बादली देताना मात्र हळूच म्हणायची, "धरा." आग कधी लागलीच नाही, प्लेगनं चतुराबाईला नेलं. यंदाही तो शिडीवर चढला, ओरडला आणि सवयीनं हात खाली केला. हात रिकामाच राहिला. "कुठी हाये आग?" शेजारच्या दौलतरावानं विचारलं. "कुठीच नाई. तालीम हाये." "एकल्यानं?" शालिग्राम उतरला. बादली भरून शिडीला अडकवली, दोन पायऱ्या वर चढला, हात खाली घातला आणि स्वतःच हळूच म्हणाला, "धरा."