दहा तारा

"दहाही तारा सुरात लावून द्या. माझ्या कानांवर भरवसा नाही," म्हातारा जरा मोठ्यानेच बोलला. कान गेल्यापासून त्याला आपला आवाज मापात ठेवता येत नसे.

दुरुस्तीवाल्याने पेटी उघडली. मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवायची विजेवरची गिटार. सहा तारांच्या पुष्कळ दिसतात, दहा तारांची ही जात आता शोधून सापडत नाही. म्हाताऱ्याने जन्मात दुसऱ्या गिटारला हात लावला नव्हता.

दुरुस्तीवाल्याने वहीत लिहिलं, 'बाई नाही आल्या?'

"गेली ती. दोन महिने झाले. उद्या लेक येतेय, तिला आईची आवडती चाल ऐकवायचीय. बेसूर वाजलं तर ही वरून चिमटा काढेल मला."

दुरुस्तीवाला हसला नाही. त्याने गिटार ॲम्पला, आवाज मोठा करणाऱ्या खोक्याला, जोडली. लाल दिवा लागला.

म्हाताऱ्याच्या घरी हा दिवा त्याची बायकोच लावायची. आठ वर्षांपूर्वी कान गेले, तेव्हापासून तारा लावणं तिचंच काम. तो तार छेडी, ती बोट वर किंवा खाली करी, तो खुंटी पिळी. सूर जुळला की ती डोळे मिटायची. मग तो हातांच्या आठवणीवर वाजवायचा आणि कसं झालं ते तिच्या चेहऱ्यावर वाचायचा.

बरंच जमत असावं. पूर्वी तावातावाने भांडायला येणारा वरच्या मजल्यावरचा शेजारीही अलीकडे जिन्यात गोड हसे.

"बघ, शेवटी त्यालाही गोडी लागली," तो बायकोला ऐकवायचा. ती मान डोलवायची.

एकच तक्रार होती. शेवटची दोन-तीन वर्षं ती समोरची खुर्ची सोडून त्याच्या गुडघ्याशी बसू लागली होती, कान अगदी तारांजवळ नेऊन.

"काय गं, आता घरात दोन बहिरे?" तो चिडवायचा. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. एकदा मात्र तो खेकसला होता, "सरक जरा, हात अडतोय माझा!" ती सरकली आणि थोड्या वेळाने पुन्हा तिथेच आली. ते खेकसणं आता त्याला जेवू देत नव्हतं.

दुरुस्तीवाल्याने एकेक तार छेडली, तारांखालच्या पट्टीवर बोटाने टकटक केली आणि लिहिलं, 'शेवटची कधी वाजवलीत?'

"रोज वाजवायचो. ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळीसुद्धा. झकास झालं म्हणाली."

दुरुस्तीवाल्याने लिहिलं आणि वही पुढे सरकवली.

'तारांचा आवाज ॲम्पकडे नेणारा भाग जळलाय. तीन वर्षांपूर्वी बाई तारा बदलायला आल्या, तेव्हाच जळलेला होता. तसा दुसरा मिळत नाही. मी म्हटलं, आता नुसता दिवा लागेल, खोलीत काही ऐकू यायचं नाही. तर म्हणाल्या, त्यांना सांगू नका, मी जवळ बसून ऐकेन.'