दहावा कागद

नऊ कागद काळेकुट्ट आणि दहावा मात्र धुतल्यासारखा पांढरा! डॉ. सलमा चक्रावूनच गेल्या.

जालन्याच्या त्या लोखंडाच्या कारखान्यात काल त्यांनी दहा कामगारांच्या छातीवर एकेक छोटा पंप अडकवला होता. माणूस श्वासाबरोबर घेईल तीच हवा पंप ओढायचा आणि तिच्यातली धूळ आतल्या गोल कागदावर धरायचा. सलमांना शोध होता तो डोळ्यांना न दिसणाऱ्या, नॅनो म्हणतात त्या धुळीचा. केसाच्या जाडीत हजार कण मावतील इतकी ती बारीक. अशी धूळ छातीत गेली की माणसाचं काय होतं, हेच तर तपासायचं होतं. आणि पांढरा निघाला तो नेमका भुजंगचा कागद. भुजंग तर तोंडाला ओला रुमाल बांधून दिवसभर भट्टीच्या दाराशीच उभा असायचा.

"बघा, मी म्हणत न्हवतो?" मालक अण्णासाहेब खुशीत आले. "भट्टीपुढंच धूळ न्हाई, मंग धूर ओढायचा पंखा बसवायचा कशाला?"

पंख्याचं याच कागदावर ठरणार होतं.

सलमांनी पंप चालू करून पाहिला. ठणठणीत. नळीही मोकळी होती. कागद उजेडात धरला, काट्यावर ठेवला. वजन कणभरही वाढलेलं नव्हतं. आता मात्र त्यांना राहवेना. त्यांनी भुजंगला बोलावून घेतलं. तो खोकतच आला.

"भुजंगभाऊ, मशीन मध्येच काढून ठेवलं होतं का?"

"न्हाई मॅडम! आठ घंटे छातीवरच व्हतं."

"मग यात धूळ कशी नाही?"

भुजंगचा चेहरा खुलला. "जाऊच दिली न्हाई! परदेशी मशीन हाय, जिवापाड जपा, आसं तुम्हीच म्हनल्ता न्हं? रुमालाच्या चार घड्या करून बराबर गुंडाळून टाकलं."

सलमांना हसू फुटणार, तोच त्याने खिशातून रुमाल काढून पुढे धरला. काळा ठिक्कर. अण्णासाहेब दुसरीकडे पाहू लागले.

"अहो, पण हा तर तुमच्या तोंडाचा रुमाल," सलमा म्हणाल्या. "मग काल तोंडाला काय बांधलं होतं?"

"काल तसाच राह्यलो, मॅडम," भुजंग म्हणाला. "रुमाल एकच हाय."