टीपकागद

कर्वेनगरातल्या घरासमोरच्या मोकळ्या प्लॉटवरचं गाजरगवत वनस्पतिशास्त्राच्या मंदाकिनीबाई तीस वर्षं दर श्रावणात उपटून, टीपकागदात दाबून, तारीख घालून ठेवत आल्या होत्या. आज त्यांचा जुना विद्यार्थी मैनुद्दीन त्या नमुन्यांची जनुकं तपासून आला होता. आतल्या खोलीत यजमान खोकत होते. त्यांना दमा जडला तो याच गवतापायी.

“बाई, पहिली चौदा वर्षं सगळं गवत एकाच कुळातलं आहे, तणनाशक मारलं की मरणारं. पंधराव्या वर्षी त्यात परकं कूळ मिसळलंय. तेव्हापासून ते कशालाच दाद देत नाही.”

“परकं म्हणजे कुठलं?”

“नागपूरकडचं. पण इतक्या लांबचं बी नेमकं या प्लॉटवर आलं कसं, तेच कळत नाही.”

बाई उठून खिडकीपाशी गेल्या. आत यजमानांना पुन्हा ढास लागली.

“त्याच्या आदल्याच वर्षी मी नागपूरहून या गवताचे नमुने आणले होते,” त्या हळूच म्हणाल्या. “घरात कचरा नको म्हणून टीपकागद मी नेहमी त्या प्लॉटवरच झटकते.”