उजेडाचा गाळा

"उजेड बघा साहेब, उजेड! आख्ख्या बाजारात असा दुसरा गाळा दाखवा, भाडं घेणार नाही," असं म्हणत मालकाने शटर वर ढकललं. भर दुपारचं ऊन आत घुसलं आणि नव्या चुन्याच्या भिंतीवर असं काही आपटलं, की मालकाने स्वतःच कपाळावर हात धरला. बघूसाहेबांनी डोळे बारीक केले. त्यांच्या बायकोने पर्स काखेत सारखी केली, उंबरठा पायाने चाचपला आणि मग आत पाऊल टाकलं.

बघूसाहेब हे नाव कचेरीने ठेवलेलं. अर्ज कुठलाही असो, साहेबांचं उत्तर ठरलेलं: "बघू." 'नाही' म्हटलं की माणूस भांडतो, 'बघू' म्हटलं की चहा पाजतो, एवढा कारभार त्यांना नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात समजला होता. घरीही तोच शिरस्ता. बायको रफू करायची, आणि असं, की बुजवलेलं भोक नंतर तिचं तिलाही सापडू नये. "आपण छोटंसं दुकान काढू या का हो?" ती विचारायची आणि साहेब पेपराआडून म्हणायचे, "बघू."

निवृत्त झाल्यावर मात्र ते एके सकाळी उठले आणि म्हणाले, "चल, गाळा बघून येऊ." ती एकदम गप्प झाली. आनंदाने माणसाची वाचा बसते, असं साहेबांनी स्वतःच ठरवून टाकलं.

हल्ली तिचं वागणंच बदललं होतं. रोजचा पेपर ती त्यांच्याकडून वाचून घ्यायची. "तुमच्या तोंडून ऐकायला बरं वाटतं," म्हणायची. बायकोने कधीतरी आपलं ऐकावं म्हणून जन्मभर झुरलेला माणूस. साहेब तिला आता टेंडरच्या जाहिरातीसुद्धा आवाज चढवून वाचून दाखवत.

"इथे तू बसायचंस," साहेबांनी हवेत टेबल मांडलं. "आणि इथे मी. गिऱ्हाइकांशी बोलायला."

"म्हणजे गिऱ्हाईक आलं, की तुम्ही 'बघू' म्हणणार?"

मालक पोट धरून हसला. हसता हसता त्याने अंगातला कोट काढून तिच्या हातात दिला. "वहिनी, बोहनी माझ्याकडूनच होऊ द्या. बाहीला भोक पडलंय. बायकोला सांगितलंय, उंदराने खाल्लं."

"आज नको," ती म्हणाली. "आज नुसतं बघायला आलोय."

"अगं, दाखव की त्यांना! सुई असतेच ना तुझ्या पर्समध्ये," साहेब म्हणाले. गाळा घ्यायचं त्यांनी मनात ठरवलंच होतं. उरला होता तो थोडा मान मिरवायचा.

तिची बोटं बाहीवरून फिरली आणि बरोबर जागेवर थांबली. "कडा करपल्यात. तुमचा उंदीर सिगारेट ओढतो वाटतं."

"न बघता सापडलं!" मालक चाट पडला. साहेबांनी मान अशी डोलावली, की जणू ती बोटं त्यांचीच.

रफूचा दोरा बाजारात मिळत नाही. तो त्याच कपड्याच्या पोटातून काढायचा असतो. तिने कोट उलटा केला, आतली शिवण नखाने उसवली आणि एक लांब दोरा अलगद ओढून घेतला. टोक ओठांनी ओलं केलं. सुई उन्हासमोर धरली.

दोरा सुईच्या शेजारून गेला.

तिने टोक पुन्हा ओलं केलं. या खेपेला तो दुसऱ्या बाजूने गेला. साहेबांना वाटलं, ही मालकाची गंमत करतेय. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मालक हाताची सावली करून उभा होता, साहेबांच्या स्वतःच्या डोळ्यांना उन्हाने धार लागली होती. ती एकटी थेट उन्हात बघत होती, पापणीही न लववता.

"उजेड जरा कमी आहे हो इथे," ती म्हणाली.

मालकाने तोंड उघडलं, पण साहेब त्याच्या आधी बोलले. आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या प्रकरणाचा निकाल त्यांनी जागच्या जागी दिला.

"कमी कसला, अंधारच आहे. नको आम्हाला."

"अंधार? साहेब, अहो, इथे?"

"मला काहीसुद्धा दिसत नाहीये," साहेब म्हणाले. आणि त्या घटकेला ते खरंही होतं.

तिने कोटाची घडी घातली, वर तो दोरा ठेवला आणि दोन्ही मालकाच्या आवाजाच्या दिशेने पुढे केलं.

रस्त्यावर आल्यावर साहेबांनी तिचा हात धरला. भर बाजारात त्यांनी असा हात कधी धरला नव्हता, आणि तिनेही तो सोडवून घेतला नाही. पायरी आली की ते नुसतं "हं" म्हणायचे आणि ती पाय उचलायची.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं की. शेजारच्या ताईंबरोबर जाऊन आले."

"मला का नाही बोललीस?"

"कधी नव्हे ते तुम्ही 'चल' म्हणालात. त्यात मी कुठे 'थांबा' म्हणू?"

बरंच चालल्यावर साहेबांना पुढचं विचारायचा धीर झाला.

"काय म्हणाले डॉक्टर?"

ती हसली. पायाखालचा रस्ता चाचपत म्हणाली,

"'बघू' म्हणाले."