अप्पांची वायरिंगची वही

माझे वडील, अप्पा, गेले; त्यांची जुनी मोटारसायकल राहिली. नवी बॅटरीही दोन दिवसांत उतरायची. तंजावरचा मेकॅनिक तंगवेल मीटर लावून थकला, तेव्हा मी अप्पांची वही काढली. अप्पा तंजावरातच वाढलेले मराठी; वही मराठीच, पण तमिळ अक्षरांत लिहिलेली. मी पुण्यात मामाकडे वाढले, मला ती अक्षरं येत नाहीत. तंगवेलला मराठी येत नाही.

तमिळमध्ये क आणि ग एकच अक्षर, म्हणून ‘गाडी’ची ‘काडी’ करत तो मोठ्याने वाचू लागला, “बाळ, गाडी थांबली तर बॅटरीला बोल लावूं नको. सीटखालची हिरवी तार बघ, ती गंजते.”

मी हिरवी तार दाखवली. त्याने ती घासून आवळली. गाडी सुरू केली, तसा मीटरचा आकडा चौदा व्होल्टवर चढला; बॅटरी चार्ज होऊ लागली. तंगवेलने हसून वही मिटली.

“अण्णा,” मी मोडक्या तमिळमध्ये म्हटलं, “आणखी वाचा ना.”

त्याने हात धुतले आणि पहिलं पान उघडलं.